फोनपलीकडची लेक

मी हिंदू आहे हे ऐकून कुणाचा जीव भांड्यात पडलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला.

ग्लासगोत आमच्या भागातल्या सर्जरीत, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात, मी रिसेप्शनला बसते. आमचे हे इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. लग्न करून त्यांच्यामागे इथे आले, मुलगी शाळेत जायला लागल्यावर दिवसभर घरात बसवेना, म्हणून ही नोकरी धरली, ती अजून चालू आहे. एका सकाळी एक बाई आली. अंगात कुणीतरी दिलेला मोठा पुरुषी कोट, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. मुलीचे कोपरे आणि गुडघे खाजवून खाजवून सोलले होते. बाईला इंग्लिश येत नव्हतं. अशा वेळी आम्ही फोनवर दुभाषी लावून देतो. डॉक्टरांनी उर्दूचा मागवला. स्पीकरवर एका पुरुषाचा अदबशीर आवाज आला, त्यानं सलाम केला, आणि ही बाई गप्पच झाली. मुलीला काय होतंय सांगेना, स्वतःचं नावसुद्धा सांगेना. डॉक्टरांनी बरेच प्रयत्न केले. शेवटी तिला बाहेर आणून बसवलं.

ती माझ्याकडे बघत होती. जरा वेळानं उठून काउंटरपाशी आली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आप मुसलमान हैं?"

मला वाटलं, हो म्हटलं तर हिला बरं वाटेल. पण खोटं कशाला बोला. म्हटलं, "नाही, मी हिंदू. इंडियातली."

तिनं डोळे मिटले आणि काउंटरची कड घट्ट धरली. मग म्हणाली, "मग तुम्हीच सांगा ना डॉक्टरला. तो फोनवरचा माणूस आमच्याकडचा आहे. बोली ओळखली मी. त्याला माझं नाव कळायला नको."

आमचं बोलणं कायम हिंदी-उर्दूच्या मिसळीत झालं, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. त्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी आत जाऊन बसले. मुलीला एक्झिमा होता. मलम मिळालं. जाताना तिनं मला "बाजी" म्हटलं, म्हणजे मोठी बहीण. तेव्हापासून मी तिची बाजी.

ती पाकिस्तानातल्या पंजाबातली. ती आणि तिचा नवरा मुसलमान घरांत जन्मलेले, आणि दोघांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. हे मला तिनं पहिल्या भेटीत सांगितलं नाही. पुढे मुलीच्या मलमासाठी ती दोन-तीनदा आली, आणि एकदा माझी ड्यूटी संपता संपता पाऊस जोरात आला म्हणून मी तिला गाडीतून घरी सोडलं, तेव्हा गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी फक्त "बरं" म्हटलं. माझं माहेर सांगली भागातलं. आम्ही सगळी भावंडं मिशनच्या दवाखान्यात जन्मलो आणि उरुसाला दर्ग्यावर गलेफ चढवायला आजोबांबरोबर गेलो. कुणी काय मानावं यावर माणसं घरदार सोडून पळतात हे मला पेपरातून माहीत होतं. माझ्या गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर ते कधी येऊन बसलं नव्हतं.

त्यांना एका टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर फ्लॅट दिला होता. मी वर गेले तेव्हा तिचा नवरा इस्त्री दुरुस्त करत बसला होता. तिकडे तो इलेक्ट्रिशियन होता. इथे आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करायची परवानगी नव्हती, म्हणून टॉवरमधल्या लोकांच्या किटल्या आणि टोस्टर फुकट नीट करून द्यायचा. त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. बोलताना उजवा कान पुढे करायचा, त्यामुळे सतत काहीतरी महत्त्वाचं ऐकतोय असं वाटायचं.

मी चहा घेताना सहज विचारलं, "ही एकच का?"

छोटी माझ्या किल्ल्यांशी खेळत होती. नवऱ्यानं मान खाली घातली. ती म्हणाली, "नाही बाजी. मोठी तिकडे आहे."

त्यांना एक मुलगा होता. तो लहानपणी तापानं गेला. ज्या दवाखान्यात गेला तो मिशनचा होता आणि तिचा नवरा तिथे वायरिंगचं काम करायचा. ती सांगत होती, "घरी सगळे म्हणाले, अल्लाची अमानत होती, त्यानं परत नेली, सबर कर. चुकीचं नव्हते बोलत. माझी सासू स्वतः तीन मुलं पुरलेली बाई. पण मला सबर येईना. त्या दवाखान्यातली एक म्हातारी नर्स माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि माझ्याबरोबर रडली. मी विचारलं, तुमच्यात चालतं का असं रडलेलं? ती म्हणाली, आमचा देवच रडला होता, त्याचा दोस्त गेला तेव्हा." एवढंच. पुढे नवरा त्यांच्याकडे जायला लागला, काही वर्षांनी ही.

आमच्या मराठी ग्रुपमधली एक मैत्रीण मला नंतर म्हणाली होती, "अगं पण धर्म बदलायची गरजच काय होती? मनात ठेवायचं." पण मनात त्यांनी पुष्कळ ठेवून पाहिलं होतं. चारएक वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. मग दिराला कळलं.

त्या आठवड्यात मोठी मुलगी आजी-आजोबांकडे होती. नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी होती आणि आजीला तिच्याशिवाय करमायचं नाही. दिराला कळलं तसं ते दोन तासांत सगळ्या गल्लीला कळलं. दारासमोर माणसं जमली. दगड आले, त्यातला एक नवऱ्याच्या कानशिलावर बसला. शेजारच्या म्हातारीनं मागच्या दारानं या तिघांना आपल्या म्हशींच्या गोठ्यात घेतलं आणि दारात खाट टाकून तिच्यावर तसबी, म्हणजे जपमाळ, ओढत बसली. जमावातल्या पोरांनी विचारलं तर म्हणाली, माझ्या म्हशी बिथरतील, चला निघा. ती म्हातारी पाच वेळा नमाज पढणारी. "तिला कुणी शिकवलं नव्हतं बाजी," ही मला म्हणाली, "तिला आम्ही आवडत होतो, बस."

ते दुसऱ्या शहरात पळाले, तिथून तिसऱ्या. लपून राहिले. मुलीला आणायला हिनं आपल्या धाकट्या बहिणीला पाठवलं. सासऱ्यानं सांगितलं, दोघं परत या, सगळ्यांसमोर तोबा करा, आणि मुलगी घेऊन जा. नाहीतर मुलगी आमची. तिचा पासपोर्ट त्यांच्याच कपाटात होता. ओळखीच्या लोकांनी इकडे यायचा मार्ग काढून दिला तो फक्त तिघांसाठी निघाला. नवरा म्हणायचा, तुम्ही दोघी जा, मी मागे राहतो. पण मागे राहून तो मुलीच्या जवळपासही पोचू शकला नसता, त्याला कुणीतरी मारलंच असतं. निघायच्या आदल्या दिवशी बहिणीनं कशीबशी फोनवर गाठ घालून दिली. ही मुलीला म्हणाली, "लवकर बोलावते." नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "लवकर म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आधी?"

छोटीचे केस मुलासारखे कापलेले का, हे मला तेव्हा कळलं. मी आपलं समजत होते, उवा झाल्या असतील. मोठीच्या रोज दोन वेण्या घालायची सवय होती. छोटीचे केस हातात घेतले की तिचे हात चालायचेच नाहीत.

त्यांच्या टॉवरमध्ये त्यांच्याच देशातलं आणखी एक कुटुंब होतं. सुरुवातीला मोठा आधार वाटला. त्या घरची बाई ईदला बिर्याणी पाठवायची, छोटीला मांडीवर घ्यायची. मग कुणीतरी या तिघांना रविवारी चर्चमधून बाहेर पडताना पाहिलं. बिर्याणी थांबली, ते ठीकच. पण लिफ्टमध्ये ही आत शिरली की आतले बाहेर पडायला लागले. एकदा दाराला काहीतरी घाण फासली होती. पोलीस आले, फार सभ्यपणे बोलले, कुणी केलं ते कळलं नाही. कदाचित त्या कुटुंबानं केलंही नसेल. पण त्यानंतर तिला त्या फ्लॅटमध्ये पंजाबीत मोठ्यानं बोलायची भीती बसली. भिंती पातळ होत्या. आणि मुलीशी तर पंजाबीतच बोलायचं होतं.

म्हणून ते फोन माझ्या स्वयंपाकघरातून व्हायचे.

तिची धाकटी बहीण पक्की धार्मिक, हिच्या धर्म सोडण्यावर रागावलेली, हिच्याशी त्या विषयावर एक शब्द न बोलणारी. पण महिन्या-दोन महिन्यांतून शनिवारी ती मुलीच्या आजीला भेटायला म्हणून जायची आणि मुलीला "चल, दुकानात जाऊ" म्हणून बाहेर काढायची. मग माझ्या ओट्यावर ठेवलेला फोन वाजायचा. मी बाहेरच्या खोलीत जायला लागले की ही माझा हात धरून ठेवायची. त्यामुळे मी सगळं ऐकलं. पंजाबी मला निम्मं कळायचं, पण आई-मुलीचं बोलणं समजायला निम्मं पुरतं. सुरुवातीला ती मुलगी नुसती रडायची. छोटीला फोनवर पप्पी द्यायची. शाळेत कविता म्हटली ते सांगायची. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी आमच्या घरच्या विनोदाचा विषय. ती एकदा खोलीत डोकावून मला म्हणाली, "आई, तो मुलगी इतका रडते आणि आपण काहीच करू शकत नाही?" आम्ही कुणी हसलो नाही.

वर्षं गेली. पहिला अर्ज नामंजूर झाला. तिला इंटरव्ह्यूत ख्रिस्ती सणांबद्दल विचारलं होतं, कुठला सण कशासाठी, आणि ती गोंधळली होती. "मला परीक्षेत कधीच पाठ झालेलं आठवायचं नाही," म्हणाली. अपील केलं. छोटी शाळेत गेली, ग्लासगोच्या पोरांसारखी प्रत्येक गोष्टीला "वी", म्हणजे छोटंसं, लावायला लागली, वी कप, वी मांजर, वी अम्मी. आणि फोनवरचा आवाज मोठा होत गेला. रडणं थांबलं. "तू"चं "आप" झालं.

एका शनिवारी मोठी म्हणाली, "अम्मी, मी तुमच्यासाठी रोज दुआ मागते."

"मीही मागते गं तुझ्यासाठी."

"तशी नाही अम्मी. दादी म्हणते तुम्ही आगीत जाल. मला झोप लागत नाही. तुम्ही एकदा कलमा पढा ना. आत्ता पढा. फोनवर. मी कुणाला सांगणार नाही. एकदाच पढा म्हणजे मी निर्धास्त होईन."

ती बारा वर्षांची होती. आईचा तिला राग आला असता तर ते सोसलं असतं. ती आईला वाचवायला बघत होती. माझ्या ओट्याशी उभी असलेली ही बाई ओढणीचं टोक तोंडात कोंबून उभी राहिली. कलमा, म्हणजे मुसलमान असल्याची ग्वाही, तिला पाठ होता, जन्मापासून पाठ होता. मला वाटलं, आता म्हणेल. मी तिच्या जागी असते तर काहीही म्हटलं असतं, कुठलाही मंत्र, कुठल्याही देवाचा. ती शेवटी म्हणाली, "बेटा, तुझ्याशी खोटं कसं बोलू?" मग मावशीनं फोन घेतला आणि म्हणाली, "आपा, तूही ना." एवढंच म्हणाली आणि ठेवला.

ही माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली. मला म्हणाली, "बाजी, तुम्ही बाहेरच्या आहात. दोन्हीकडच्या नाही. सांगा, मी चुकले का?"

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले.

अपिलात त्यांचं मान्य झालं. त्या सुनावणीत तिला विचारलं, तुम्ही ख्रिस्ती का झालात, तेव्हा तिनं सणवार काही सांगितले नाहीत, मुलगा गेला त्या दिवसाचं सांगितलं. या देशात राहायची परवानगी आली. नवऱ्याला बसच्या डेपोत इलेक्ट्रिकचं काम मिळालं. टॉवर सोडून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. आणि आता कायद्यानं मोठीला इकडे आणता येणार होतं. त्या दिवशी मी शिरा केला होता. नवऱ्यानं बहिऱ्या कानानं आणि चांगल्या कानानं तीच बातमी वकिलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. तिनं मोठीसाठी पलंग घेतला, खिडकीशी लावला. छोटीनं त्यावर आपली खेळणी मांडून ठेवली, ताईला खेळायला.

मावशीनं घरात बोलणी लावली. आजोबा तोवर वारले होते. दीर परदेशी कामाला गेला होता. आजी थकली होती, आणि ती म्हणाली, मुलीला विचारा, तिची मर्जी असेल तर मी आडवी येणार नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, झालं काम.

फोन माझ्याच घरी ठरला. आता तिला कुणाची भीती नव्हती, पण तो फोन माझ्या ओट्यावरूनच करायचा असं तिच्या मनात बसलं होतं. नवराही आला. आम्ही फोन स्पीकरवर ठेवला.

मुलगी तेव्हा चौदा संपून पंधराव्यात होती. आवाज अगदी हिच्यासारखा, खालच्या पट्टीतला. सलाम करून तिनं सगळ्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "अम्मी, मी येणार नाही."

तिच्या बापानं उजवा कान फोनला लावला. त्याला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"दादीला आता दिसत नाही," मुलगी सांगत होती. "तिला न्हायला मी घालते. तिच्या डोळ्यांत औषध मी घालते. मी आले तर तिला कोण बघेल?"

"आपण तिची सोय करू, बेटा. तुझ्या मावशीला सांगू."

"आणि मी तिकडे येऊन काय होऊ, अम्मी? तुमच्यासारखी झाले तर दादी मरेल. नाही झाले तर तुम्ही रोज माझ्याकडे बघून रडाल. मला दोन्ही नको." तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "तुम्ही निवडलंत ना? मग मलाही निवडू द्या."

बाप उठून मागच्या दारानं बागेत गेला. खिडकीतून मला तो दिसत होता, कुंपणाकडे तोंड करून उभा.

हिनं वाद घातला नाही. रडलीसुद्धा नाही. विचारलं, "जेवलीस का?"

"हो."

"काय केलं होतंस?"

"आलू-मेथी. मेथी कडू झाली."

"मीठ लावून पिळून घेत जा आधी."

"बरं."

मग ती मुलगी म्हणाली, "आता मावशीच्या फोनवर फोन करू नका. चाचा परदेशातून फोन करून विचारतो, तिच्यावर संशय घेतो. मीच करेन कधीतरी." आणि ठेवला. "कधीतरी" हा शब्द उर्दूतही तसाच आहे, त्याला कुठूनही धरता येत नाही.

त्यानंतर तिनं कधी फोन केला नाही.

नवऱ्यानं परत जायचा हट्ट धरला होता. म्हणायचा, जाऊन पाय धरतो तिचे. हिनं त्याला जाऊ दिलं नाही. दोघांत महिनेच्या महिने अबोला होता. पलंग मात्र खिडकीशीच राहिला. छोटी अंगानं वाढली तरी आपल्या लहान पलंगावर पाय मुडपून झोपायची, त्या मोठ्या पलंगावर झोप म्हटलं तरी ऐकायची नाही. "तो माझा नाही," म्हणायची.

गेल्या वर्षी बहिणीचा निरोप आला. मोठीला अठरा पुरी झाली होती आणि तिचा निकाह ठरला होता. मुलगा चांगला आहे, औषधांच्या दुकानात असतो, मुलीनं स्वतः हो म्हटलंय, असं बहिणीनं कळवलं. आणि निकाह रविवारी दुपारी, एवढंच. बोलावणं नव्हतं. फोटो येईल असंही म्हटलं नव्हतं.

हिनं मला शनिवारी बोलावलं. मी गेले तर घर झाडून लख्ख, शेगडीवर जर्दा, म्हणजे पिवळा गोड भात, आणि छोटी नवीन सलवार-कमीजमध्ये. नवरा डेपोतून सुट्टी घेऊन आला होता. त्यानं दाढी केली होती. चर्चमधलं कुणी बोलावलं नव्हतं. ही म्हणाली, "त्यांना समजावून सांगावं लागेल. तुम्हाला नाही."

तिनं वाटीत मेंदी भिजवली होती. आधी छोटीच्या हातावर काढली, मग माझ्या. मेंदी काढता काढता ती लग्नाचं गाणं म्हणायला लागली, मुलीकडच्या बाया म्हणतात ते, पंजाबी. ढोलकी नव्हती म्हणून नवरा स्वयंपाकघरातलं पातेलं उपडं घालून त्यावर ठेका धरायला लागला. त्याला स्वतःचा ठेका नीट ऐकू येत नव्हता, तो चुकत होता, आणि ती त्याच्या चुकीप्रमाणे गाणं सांभाळून घेत होती. त्या शेवटच्या फोननंतर मी त्या दोघांना एकत्र काही करताना पाहिलं नव्हतं. छोटीला शब्द येत नव्हते, ती नुसती टाळ्या वाजवू पाहत होती आणि ओली मेंदी फिसकटत होती. गाण्याच्या मधेच कुठेतरी मुलीच्या पाठवणीचं कडवं आलं. तिथे ती थांबली. "हे आईनं म्हणायचं नसतं," म्हणाली, "मावशीनं म्हणायचं असतं." आणि माझ्याकडे बघितलं.

मला ते गाणं येत नव्हतं. मग मी आपलं मराठीत, आमच्या घरी माझ्या पाठवणीला आत्यांनी म्हटलं होतं त्यातलं जेवढं आठवलं तेवढं म्हटलं. आवाज माझा यथातथाच. तिला शब्द कळले नाहीत. ती भिंतीला टेकून बसली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तळहात वर करून ती माझ्याबरोबर मान हलवत राहिली.

सोमवारी मी कामावर गेले. काउंटरवर दोन्ही हात. मेंदी चांगली रंगली होती. आमच्या नर्सनं हात धरून उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, कुणाचं लग्न?

"माझ्या भाचीचं," मी म्हटलं.

ती म्हणाली, किती छान, फोटो दाखव ना. तेवढ्यात फोन वाजला आणि मी तो घेतला.